राहून गेलेला डोळा

उझुमासा या स्टुडिओच्या वस्तीतल्या लोकांना प्रत्येक गोष्टीवर मत असतं, आणि गोष्ट सिनेमाची असेल तर ते मत अंघोळ करताना सांगायची पद्धत आहे. स्टुडिओच्या मागच्या गल्लीत मासुयोबाईंचं सार्वजनिक न्हाणीघर आहे. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, मध्ये भिंत. पण ती छतापर्यंत जात नाही, त्यामुळे वाद सुरू झाला की दोन्ही हौदांतून चालतो. स्टुडिओतून निवृत्त झालेले दिवेवाले, सुतार, टोप बनवणारे, तलवारीने मरून मरून म्हातारे झालेले नट असे सगळे चारच्या सुमाराला गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसतात आणि जगातल्या यच्चयावत सिनेमांची सालं काढतात.

त्या शरदात बातमी आली की स्टुडिओ ‘फुशिमीचा वाघ’ पुन्हा काढणार. नवे नट, नवा दिग्दर्शक, सगळं पहिल्यापासून. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा तो गुंडपट म्हणजे या गल्लीचा अभिमान. पुरुषांच्या बाजूला लगेच पाणी हिंदकळलं. एक जुना दिवेवाला म्हणाला, की आम्ही हाडं झिजवली तेव्हा तो सिनेमा झाला, आता ही पोरं हिरवा पडदा लावून बर्फ कॉम्प्युटरवर पाडणार. दुसऱ्याचं म्हणणं, खरे गुंडसुद्धा आता कंबरदुखीच्या गोळ्या खातात, त्यांच्यावर नवा सिनेमा काढायचा तरी कसला. तिसऱ्याची नात जुना सिनेमा बघायला बसली होती आणि विसाव्या मिनिटाला झोपली होती. पण त्याचा राग नातीवर होता, सिनेमावर नव्हता. एकंदर ठराव असा झाला की पुन्हा काढू नये.

मग मासुयोबाईंनी गल्ल्यामागच्या आपल्या उंच खुर्चीवरून बायकांच्या बाजूला विचारलं, “अगं हात्सुए, तू का गप्प? तुझंच तर काम आहे त्यात.”

हात्सुए उराबे पाण्यात होत्या. वय एकोणसत्तर, अंगाने काटक, डोक्यावर घडी घातलेला टॉवेल. त्या म्हणाल्या, “काढावा. अगदी जरूर काढावा.”

भिंतीच्या दोन्ही बाजूंना माना वर झाल्या. हा घरचा भेदी पाण्यात बसला होता हे कोणाला माहीतच नव्हतं. मासुयोबाईंनी तर विरोधाच्या सह्यांचा कागदही गल्ल्याजवळ लावून ठेवला होता आणि पहिली ओळ हात्सुएबाईंसाठी मोकळी सोडली होती. का काढावा म्हणून चार जणांनी विचारलं. हात्सुएबाईंनी टॉवेल सारखा केला, पाणी आज जरा जास्तच गरम आहे म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

हात्सुएबाईंचा धंदा असा, की तो सांगितला की परगावच्या माणसाला थट्टा वाटते. गुंडपटातल्या गुंडांच्या पाठीवर गोंदण असतं. नटाच्या पाठीवर कुठून असणार? मग ते रोज सकाळी रंगवावं लागतं आणि रोज संध्याकाळी धुवावं लागतं. हात्सुएबाईंनी एक्केचाळीस वर्षं हेच केलं. कार्प मासे, सिंह, बोराएवढ्या थेंबांच्या लाटा, पेओनीची फुलं, रागावलेले देव. त्यांची सगळी चित्रं संध्याकाळी याच न्हाणीघराच्या मोरीतून वाहून गेली. खरं गोंदण म्हणजे खरा गुंड, त्याला दारातून हाकलणारी मासुयोबाईंची पाटी तेव्हाही होती. स्टुडिओतले खोटे गुंड येऊन म्हणायचे, काकू, हे रंगाचं आहे, आणि मासुयोबाई ओल्या बोटाने त्यांची पाठ घासून बघितल्याशिवाय आत सोडायच्या नाहीत.

हात्सुए मूळची रेशीम रंगवणाऱ्यांच्या घरातली. होरिकावा नदीजवळ वडिलांचा किमोनो रंगवण्याचा छोटा कारखाना होता. अठराव्या वर्षी ती किमोनोचा गठ्ठा पोचवायला स्टुडिओत आली आणि निशिवाकी मास्तरांना पाठ रंगवताना बघत उभी राहिली, ती दुपारी कोणीतरी दार लावायला आलं तेव्हा भानावर आली. मास्तरांनी तिच्या हातात ब्रश दिला आणि एक पाकळी काढायला सांगितली. पाकळी बघून म्हणाले, उद्या सहाला ये. वडिलांनी डोक्याला हात लावला. पोरगी रेशमावरून कातड्यावर उतरली, असं ते पुढे कित्येक वर्षं नातेवाइकांना सांगत, पण तिचं काम असलेला सिनेमा लागला की पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसत.

निशिवाकी मास्तर बोलायला कंजूष आणि शिव्या द्यायला उदार. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला कोणी बघितला नव्हता. जनावराचा डोळा शेवटी. पाठ रंगवायला पाच-सहा तास लागतात, तोवर नट पालथा पडलेला असतो. पण झोपलेल्या माणसाची पाठ आणि उभ्या माणसाची पाठ या दोन वेगळ्या पाठी असतात. माणूस उभा राहिला, खांदा उचलला, की कातडी सरकते. झोपलेल्या पाठीवर घातलेला डोळा मग तिरळा होतो आणि जनावर मेल्यासारखं दिसतं. म्हणून नट सेटवर पोचला, दिवे लागले, शॉटला दोन मिनिटं उरली, की मास्तर लहान ब्रश घेऊन पुढे व्हायचे. नटाला श्वास सोडायला सांगायचे, आपलाही सोडायचे, आणि एकदाच टेकवायचे. डोळा लागला की पाठ जागी व्हायची. स्टुडिओतली खमकी माणसंसुद्धा तेवढ्या वेळापुरतं हातातलं काम ठेवून बघायची.

‘फुशिमीचा वाघ’ची गोष्ट साधी आहे. मालकावर जीव टाकणारा एक गुंड, मालक त्याला दगा देतो, आणि शेवटी तो एकटा, बर्फातून, मालकाच्या दाराकडे चालत जातो. अकरा पावलं. दाराशी तो किमोनो खांद्यावरून टाकतो आणि पाठीवरचा वाघ दिसतो. नायक होता रेइजी इबुकी, तेव्हा तेहेतीस वर्षांचा. वाघाचं तोंड डाव्या खांद्यावर, बाजूने काढलेलं, म्हणजे दिसणारा डोळा एकच.

त्या सकाळी मास्तरांना दुसऱ्या सेटवर खलनायकाची पाठही होती. शॉटच्या अर्धा तास आधी ते हात्सुएला म्हणाले, “आज डोळा तू घाल.” तीन वर्षांत पहिल्यांदा. हे काम नव्हतं, बक्षीस होतं, आणि ते कळण्याइतकी हात्सुए एकवीस वर्षांची नक्कीच होती.

इबुकी उभे राहिले. दिवे लागले. कागदाचं बर्फ उडवणारे पंखे घरघरायला लागले. हात्सुएने ब्रश उचलला, आणि हात पुढे गेलाच नाही. सहा तासांचं मास्तरांचं काम समोर, आणि एका टिंबाने ते मरू शकत होतं. सहायक दिग्दर्शक ओरडला, झालं का? पुन्हा ओरडला. हात्सुएने इबुकींच्या खांद्यावर किमोनो ओढला आणि म्हणाली, “झालं.”

झालं काहीच नव्हतं. दार खरोखर तोडायचं होतं म्हणून टेक एकच होता. दुसऱ्या दिवशी पडद्यावर सगळ्यांनी बघितलं, वाघाच्या तोंडावर डोळ्याच्या जागी कोरी कातडी. दिग्दर्शक वळून मास्तरांकडे बघायला लागला. हात्सुएला वाटलं, आता भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. मास्तर शांतपणे म्हणाले, “ठरवून कोरा ठेवलाय. मालकाने दगा दिल्यावर या माणसाला कुठे काय दिसतंय? वाघाला तरी कशाला दिसेल?” दिग्दर्शकाने उठून मास्तरांना वाकून नमस्कार केला. घरी जाताना मास्तर हात्सुएला एवढंच म्हणाले, की ब्रश नीट धुऊन ठेव, उद्या सहाला.

नंतर जे झालं ते मास्तरांच्याही हातात राहिलं नाही. समीक्षकांनी आंधळ्या वाघावर लेख लिहिले. मास्तरांना बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला. आंधळ्या वाघाचे सदरे निघाले, टोकियोत चाहत्यांचं मंडळ निघालं. हात्सुएने पुढे शेकडो डोळे घातले, एकही तिरळा झाला नाही, मास्तर गेल्यावर स्टुडिओतल्या सगळ्या पाठी तिच्या हाताखाली आल्या. पण कोणी तो सिनेमा आवडतो म्हटलं की तिला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवायचं नाही. मास्तरांनी तिच्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं आणि ते त्यांच्या नावावर कोरलं गेलं होतं. खरं सांगावं तर मास्तरांचं बक्षीस खोटं ठरतं. न सांगावं तर आपण अजून त्या सेटवर ब्रश धरून उभ्याच आहोत, असं त्यांना वाटे. म्हणून न्हाणीघरात त्या काढावा म्हणाल्या. नवा सिनेमा म्हणजे नवी पाठ, आणि नव्या पाठीवर राहिलेला डोळा घालता येतो.

चाहत्यांचं मंडळ टोकियोहून मुद्दाम विरोधाच्या कागदावर हात्सुएबाईंची सही घ्यायला आलं. चौघे जण, छातीवर आंधळा वाघ. आमच्या तारुण्याला हात लावू देणार नाही, असं त्यांचा म्होरक्या अर्धा तास सांगत होता. हात्सुएबाईंनी चहा दिला, त्याच्या लेखणीकडे बघून म्हणाल्या, “पेन किती सुरेख आहे हो तुमचं,” आणि ते त्याला परत दिलं. आमच्याकडे नाही म्हणायची हीच रीत, पण मंडळ टोकियोचं असल्यामुळे त्यांना नकार मिळालाय हे बस थांब्यावर पोचल्यावर कळलं.

दिग्दर्शक ओगिनो आठवडाभराने आला. अडतीस वर्षांचा, चष्मेवाला, हातात चेस्टनटच्या मिठाईचा डबा. त्याने विद्यापीठात आंधळ्या वाघावर दोनशे पानांचा प्रबंध लिहिला होता आणि तो हात्सुएबाईंसमोर गुडघे टेकून बसला, देवळात आल्यासारखा. निर्मात्यांना छापील चिकटचित्र हवं होतं, पाण्याने चिकटवायचं, वीस मिनिटांत काम. तो त्यांच्याशी भांडून आला होता.

“मला हातानेच रंगवलेला हवाय, बाई,” तो म्हणाला. “अगदी जशाचा तसा. डोळ्याशिवाय.”

“आणि बाकीचा सिनेमा?”

“तोही जशाचा तसा. शॉटला शॉट.”

“मग नवा कशाला काढताय? जुनाच धुऊनपुसून लावा की.”

ओगिनोने चष्मा काढून पुसला. आजची मुलं जुने सिनेमे बघत नाहीत, नवे चेहरे असले तर बघतील, असं काहीतरी तो म्हणाला. हात्सुएबाईंना त्याचा राग आला आणि दयाही आली. हा माणूस त्या सिनेमाच्या इतका पाया पडत होता, की उभं राहून त्याच्याकडे बघायला त्याला फुरसतच नव्हती. पण त्या हो म्हणाल्या. डोळ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. नऊ वर्षांनी त्यांनी ब्रशांची पेटी माळ्यावरून काढली.

नवा नायक हायासे, सत्तावीस वर्षांचा. पाठ बघूनच हात्सुएबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. व्यायामशाळेत जाऊन त्याने पाठीवर नुसते डोंगर आणि दऱ्या करून ठेवल्या होत्या. इबुकींची पाठ सपाट, रात्रीच्या साके-दारूने जरा सुजलेली, रंगवायला मखमल. या पाठीवर वाघाला रस्ता शोधत जावं लागत होतं. पण पोरगा गुणी होता. पाच तास पालथा पडून राहायचा, हूं की चूं करायचा नाही. फक्त नाकासमोर फोन ठेवून इबुकींची ती अकरा पावलं पुन्हा पुन्हा बघायचा.

“आजी, सातव्या पावलाला ते थांबतात बघा,” तो म्हणायचा. “किती वेळ थांबतात ते मोजलंय मी. एक पूर्ण श्वास आणि वर थोडं.”

ते थांबणं प्रसिद्ध होतं. ओगिनोच्या प्रबंधात त्या थांबण्यावरच तीस पानं होती. मरणाला भेटायच्या आधी माणूस जगाकडे शेवटचं बघतो, असं त्यात लिहिलं होतं.

तीन दिवस शॉट झाला आणि तीन दिवस वाया गेला. दार तोडणं आता वेगळ्या शॉटात होतं, त्यामुळे टेक हवे तितके घेता येत. हायासे चालायचा, सातव्या पावलाला मोजून थांबायचा, पुढे जायचा, किमोनो टाकायचा. चूक काहीच नसायची. सगळं बरोबर आणि सगळं निर्जीव. ओगिनो कट म्हणायचा आणि कोणी कोणाकडे बघायचं नाही. तिसऱ्या दिवशी हायासे भिंतीकडे तोंड करून बसला आणि जेवायला आला नाही. त्याला डबा नेऊन देताना हात्सुएबाईंनी बघितलं, की त्याचे ओठ अजून पावलं मोजतच होते.

चौथ्या दिवशी इबुकी आले. एक्क्याऐंशी वर्षांचे, काठी टेकत. नव्या सिनेमात त्यांना म्हाताऱ्या मालकाचं काम दिलं होतं, दगा देणाऱ्याचं. सगळं युनिट नमस्काराला वाकलं. ते सगळ्यांतून वाट काढत चहाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या हात्सुएबाईंकडे आले आणि आधी त्यांच्या हातातल्या ब्रशाकडे बघितलं.

“काय हात्सु, आज तरी घालणार का डोळा?”

हात्सुएबाईंनी ब्रश खाली ठेवला. त्यांनी टेबलाची कड धरली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, पाठ माझी होती. सहा तास मास्तरांचा ब्रश अंगावर फिरलेला. त्यानंतर तू मागे उभी राहिलीस, तुझा श्वास लागला, ब्रश काही लागला नाही. आणि झालं म्हणालीस.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणार होतो,” इबुकी म्हणाले. “चालायला लागलो, दोन पावलं, चार पावलं, डोक्यात तेच. मागे वळून सांगावं तर ही पोरगी आजच स्टुडिओच्या बाहेर. न सांगावं तर माझा वाघ असाच. सातव्या पावलाला थांबलो. मग म्हटलं, जाऊ दे, आंधळा तर आंधळा. आणि गेलो पुढे.”

जगभरच्या विद्वानांनी मरणाचा म्हणून उकललेला तो श्वास हात्सुएबाईंच्या नोकरीपायी घेतलेला होता. एकटे मास्तर नव्हे, दोन माणसं त्या दिवशी त्यांच्यासाठी खोटं बोलली होती, एक तोंडाने आणि एक पावलांनी. आणि त्यांना अठ्ठेचाळीस वर्षं वाटत होतं की आपण एकट्याच आहोत. त्यांना रडू आलं. तिथेच, चहाच्या टेबलापाशी, सगळ्यांच्या देखत त्या रडल्या, आणि मग रंगाच्या फडक्यानेच डोळे पुसून सरळ ओगिनोपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी सगळं सांगितलं, हळू आवाजात नाही, तर पंख्यांवरची माणसंसुद्धा ऐकतील अशा आवाजात. मास्तरांनी बक्षीस म्हणून दिलेला डोळा, आखडलेला हात, झालं म्हणालेलं खोटं. इबुकींनी सातव्या पावलाचं सांगितलं. ओगिनोचा चेहरा उतरत गेला.

“म्हणजे त्यात अर्थ असा काही नव्हताच?”

“एका पोरीचा हात आखडला होता,” हात्सुएबाई म्हणाल्या. “एवढाच अर्थ.”

“दोनशे पानं लिहिली मी, बाई.”

मागून कोणीतरी हसलं, आणि मग ओगिनोलाही हसू आवरेना. पण हसून झाल्यावर तो म्हणाला, की लोक आंधळा वाघ बघायलाच येणार आहेत, निर्माते मला फाडून खातील, आणि निशिवाकी मास्तरांच्या नावाचं काय होईल.

याचंच तर हात्सुएबाईंना इतकी वर्षं भय होतं. पण आता मोठ्याने बोलून टाकल्यावर त्यांना ते भय पूर्वीसारखं वाटेना.

“मास्तरांनी माझ्यासाठी आपली विद्या पणाला लावली. हे कळल्यावर त्यांचं नाव लहान होईल असं वाटतं तुम्हाला? तो जुना वाघ आंधळाच आहे. मास्तर म्हणाले म्हणजे आहे, त्याला कोणी हात लावू नये. पण हा पोरगा इबुकी नाही आणि हा वाघ तो वाघ नाही. याला का आंधळं करता? एक टेक माझा. नाही आवडला तर डोळा पुसून टाकते. शेवटी रंगच आहे तो.”

ओगिनोने इबुकींकडे बघितलं. इबुकी काठीवर हनुवटी टेकून मालकाच्या खुर्चीत बसले होते आणि छताकडे बघत होते, म्हणजे तुझं तू बघ. ओगिनो म्हणाला, “एक टेक.”

दिवे लागले. पंखे घरघरायला लागले. हायासे पाठ करून उभा राहिला आणि हात्सुएबाईंनी लहान ब्रश उचलला. त्यांच्या लक्षात आलं की हात थरथरतोय. पण हा थरथराट वयाचा होता, भीतीचा नव्हता. वयाच्या हाताला कसं समजवायचं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी करंगळी हायासेच्या खांद्याच्या हाडावर टेकवली.

“श्वास सोड,” त्या म्हणाल्या, आणि आपलाही सोडला.

ब्रश एकदाच टेकला. हायासेच्या पाठीवर शहारा आला आणि वाघाने बघितलं. जवळ उभी असलेली मेकअपची बाई नकळत एक पाऊल मागे सरकली. हात्सुएबाईंनी किमोनो ओढून खांदा झाकला.

“झालं,” त्या म्हणाल्या, आणि या वेळी खरंच झालं होतं.

हायासे चालायला लागला. ओगिनोचे ओठ पावलं मोजत होते. पाच, सहा, सात. सातव्याला तो थांबला नाही. आठव्यालाही नाही. तो आता कोणाचीच पावलं चालत नव्हता. पाठीवर कोणीतरी जागं आहे हे कळलेल्या माणसासारखा तो दाराकडे बघत, घाई न करता, सरळ चालत गेला. दाराशी त्याने किमोनो खांद्यावरून टाकला. वाघाने दाराकडे बघितलं, दारात बसलेल्या म्हाताऱ्या मालकाकडे बघितलं, आणि इबुकी, ज्यांनी आयुष्यात हजार वेळा मरणाला तोंड दिलं होतं, ते खरोखर दचकून खुर्चीत मागे सरले. कागदाचं बर्फ पडत राहिलं. कट म्हणायचं असतं हे ओगिनोला कॅमेऱ्यावरच्या माणसाने कोपर मारल्यावर आठवलं.

मग जो गलका उठला तो गल्लीतल्या दुकानांपर्यंत गेला. दिवेवाले वरून खाली आले. ओगिनो हात्सुएबाईंना नमस्कार करायला वाकला आणि चष्मा पडला, तो शोधण्यात दोघं-तिघं वाकले, त्यामुळे सगळेच नमस्कार करताहेत असं दिसायला लागलं. इबुकी काठी टेकत आले आणि हात्सुएबाईंच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, की घाबरवलंस मला. पुढे वसंतात सिनेमा लागला तेव्हा लोक रांगा लावून आले. न्हाणीघरातल्या म्हाताऱ्याची ती विसाव्या मिनिटाला झोपलेली नात दोन वेळा बघून आली आणि मग तिने स्वतःहून जुनाही लावून बघितला, शेवटपर्यंत. टोकियोच्या मंडळात फूट पडली, अर्धे आंधळ्या वाघाचे आणि अर्धे डोळस, आणि दोन्ही बाजूंच्या सदऱ्यांवर आता हात्सुएबाईंची सही मागतात. त्या दोन्हींवर करतात.

पण त्या दिवशी दुपारी एवढं सगळं पुढे होणार हे कोणाला माहीत नव्हतं. शूटिंग लवकर आटोपलं आणि चारला हात्सुएबाई नेहमीप्रमाणे न्हाणीघरात आल्या. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. मासुयोबाईंनी सह्यांचा कागद काढून त्याच्या मागे साबणाचे भाव लिहून ठेवले होते आणि त्याबद्दल कोणी बोलू नये अशा चेहऱ्याने त्या बसल्या होत्या. पुरुषांच्या हौदातले म्हातारे आज अंग न भिजवताच दाराशी ताटकळत होते.

तेवढ्यात हायासे आला. दारातल्या पाटीसमोर थबकला. मासुयोबाईंनी बोट ओलं केलं, त्याच्या मानेखाली एकदा घासलं, रंग बघितला आणि आत जा म्हणाल्या. म्हाताऱ्यांनी त्याला घेरलं. सदरा उतरला आणि सगळे पुढे सरसावले. जुना दिवेवाला चष्मा कपाळावर चढवून डोळ्याच्या अगदी जवळ गेला आणि कितीतरी वेळ तिथून हललाच नाही.

हायासे सदरा नुसता खांद्यावर टाकून पुन्हा बाहेर आला.

“आजी,” तो म्हणाला, “रंग उतरवायला मेकअपवाल्यांनी तेलाचा टॉवेल दिलाय. पण पुसायला माझा हात धजत नाही हो. निदान हा डोळा तरी राहू दे. एवढ्या वर्षांनी लागलाय.”

हात्सुएबाईंनी खांद्यावरचा सदरा बाजूला करून एकदा वाघाकडे बघितलं. मग टॉवेल त्याच्या हातात नीट कोंबला.

“धू,” त्या म्हणाल्या. “उद्या परत घालते.”